आतल्या बाजूचा उतार

अंगणात पाणी साचलं की लालासाहेब आधी बादली शोधत नसत, चष्मा शोधत. चष्मा चढवायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकायचं आणि कंपाउंडच्या भिंतीवरची तांबडी रेघ बघायची. रेघ त्यांनीच गेल्या वर्षी विटेच्या तुकड्यानं ओढलेली. पाणी रेघेखाली असलं तर चहा ठेवायचा, वर असलं तर उंबऱ्याला पोत्यांच्या घड्या लावायच्या. आज पाणी बरोबर रेघेवर होतं. सप्टेंबर निम्मा सरलेला, परतीचा खरा पाऊस अजून यायचा होता, आणि एवढं पाणी नुसत्या दुपारच्या एका सरीचं होतं.

त्यांनी चहाही ठेवला आणि पोतीही लावली. एकट्या माणसाला दोन्ही करायला वेळ असतो.

घर तसं नाव घेण्यासारखं. विट्यापासून नऊ किलोमीटरवर, गावाच्या वरच्या आळीत, दुमजली, सात खोल्यांचं, आणि सातातल्या पाच खोल्यांना कुलूप. या बाजूची बरीच गावं अशीच आहेत. बंगले इथं आणि माणसं कुठं गुवाहाटीला, कुठं त्रिचूरला सोनं गाळत बसलेली. लालासाहेबांचं गलाईचं दुकान कोईमतूरला. चाळीस वर्षं त्यांनी तिथं भट्टीपुढं काढली, मग दुकान मुलाच्या, शिवतेजच्या हवाली केलं, गावात हे घर बांधलं आणि बायकोला घेऊन परत आले. बनुबाई चार वर्षं या घरात राहिली आणि गेली. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात एक ताट, एक तांब्या आणि एक मोबाईल, एवढ्याचाच काय तो आवाज.

मोबाईल रोज संध्याकाळी सातला वाजायचा.

"आबा, पाणी कुठवर आलंय?"

"न्हाई आलं."

"कॅमेरा चालू करा. अंगण दाखवा."

लालासाहेब फोन असा धरत की मुलाला फक्त ट्यूबलाइट दिसावी. शिवतेज काही दूधखुळा नव्हता.

"आबा, मी शेवटचं सांगतो. गेल्या वर्षी फ्रिज गेला, गाद्या गेल्या, तुम्ही घसरलात ते वेगळंच. या वर्षी घरात पाणी शिरलं, की दिवाळीला येऊन मी घराला कुलूप लावणार आणि तुम्हाला इकडं घेऊन येणार. दुकानावरची खोली रिकामीच आहे."

ती खोली लालासाहेबांना पाठ होती. दहा बाय दहा, खालून भट्टीची धग, खिडकीतून समोरच्या लॉजची मागची बाजू. उमेदीची वर्षं तिथं गेली. तिथली भाषा त्यांना तोंडपाठ झाली होती, पण तिच्यातून भाव आणि वजन सोडून दुसरं काही कुणाशी बोलल्याचं आठवत नव्हतं. इथं भाषा आपली होती, तरी बोलायला कुणी नव्हतं. चाळीस वर्षं जो माणूस कुणाच्या लग्नाला नाही, मयताला नाही, त्याच्या ओट्यावर येऊन कोण बसणार? पण निदान इथलं न बोलणं आपल्या गावातलं होतं. मरायचं तर इथं, एवढा एकच हट्ट त्यांच्याजवळ उरला होता, आणि तो एका बिलांदभर पाण्यावर अडला होता.

आणि ते पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं अडवलेलं होतं, हे तर सगळ्या गावाला ठाऊक होतं.

गलाईच्या दुकानात एक रीत असते. तिथं हात धुतलेलं पाणी कुणी फेकत नाही. ते ड्रममध्ये साठवायचं, निवळू द्यायचं आणि तळाचा गाळ जपून ठेवायचा, कारण नखातून, केसातून, बोटांच्या पेरांतून सोन्याचा कण सुटलेला असतो. केर टाकायचा नाही. बाहेर पडताना उंबऱ्यातल्या पोत्यावर पाय पुसायचे, आणि वर्षाअखेरीला ते पोतंसुद्धा जाळून त्यातलं सोनं काढायचं. दुकानाच्या फरशीचा उतार दाराकडं नसतो, आत कोपऱ्यातल्या खड्ड्याकडं असतो. उंबऱ्याबाहेर थेंब जाता कामा नये. लालासाहेबांनी चाळीस वर्षं हे डोळ्यांत तेल घालून पाळलं, त्यावरच तर हे घर उभं राहिलं.

घर बांधताना आप्पासो गवंडी म्हणाला होता, "शेठ, अंगनाचा उतार भाईर द्यायचा असतोय."

"मला शिकवू नगंस. उतार आत घे. मधी खड्डा काढ. गच्चीचं, अंगनाचं, न्हानीचं, सगळं पानी तितं."

आप्पासोनं खांदे उडवले आणि सांगितलं तसं केलं. त्या वर्षी प्यायलासुद्धा टँकर येत होता, तेव्हा पाणी बाहेर कसं काढायचं याची चिंता करणारा माणूस वेड्यात निघाला असता. पडेल तेवढा पाऊस खड्डा गुमान पिऊन टाकायचा. गाव चेष्टा करायचं, शेठ अंगणातला गाळबी धुऊन बघत्यात म्हणून. पण मग टेंभू योजनेचं कालव्याचं पाणी आलं, भोवती ऊस आला, जमीन बाराही महिने ओली राहायला लागली. पाऊसही पूर्वीचा राहिला नाही, चार महिन्यांचा दोन दिवसांत पडायला लागला. पुढचा रस्ता दोनदा काँक्रीटचा झाला आणि दोन्ही वेळा वीतभर चढला. खड्डा गाळानं भरला. शिवतेजनं पाणी उपसायला मोटार पाठवली, तर पाऊस आला की वीज जायची आणि वीज आली की रस्त्यावर सोडलेल्या पाण्यावरून माणसं दारात येऊन भांडायची. तेवढ्यापुरती का होईना, माणसं दारात येत होती.

त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर लालासाहेबांनी आप्पासोला निरोप धाडला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहिला आणि चारी बाजू निरखत राहिला. "मी सांगितलं व्हतं" हे न बोलायला त्याला चांगलेच कष्ट पडत असावेत.

"म्होरं रस्ता वर गेलाय, तिकडनं न्हाई जात. डाव्या अंगाला शेजाऱ्याची भिंत. ऱ्हायली मागची बाजू. मागं दगडाबाईची जागा दोन फूट खाली हाय, तितनं पान्याचा वडा शंभर पावलांवर. फरशी फोडायचीबी गरज न्हाई. खड्डा साफ करू, त्येच्या पोटातनं पाइप टाकू, भिंतीच्या पायाखालनं पलीकडं. पर बाईला इचारा आधी."

"तू इचार की."

"म्या कशाला? घर तुमचं, पानी तुमचं." आप्पासोनं पायजमा सोडला. "आन् शेठ, मागचं ध्येनात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. न राहून कसं चालेल? घराच्या गच्चीचा स्लॅब ओतला त्या वर्षीची गोष्ट. दगडाबाई भावकीतलीच, नवरा गेलेला, लेक कराडला दिलेली. परसात एक शेवगा आणि दोन शेळ्या. तिनं भिंतीपलीकडून हाक मारून विचारलं होतं, भावजी, गच्चीच्या पावसाची येक नळी माज्या अंगाला सोडा, शेवगा जगंल. आणि लालासाहेबांनी, हाताखाली आठ गवंडी असल्याच्या तोऱ्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "वैनी, आमच्या धंद्यात पानी उंबऱ्याभाईर जात न्हाई." गवंडी हसले होते. लालासाहेबही हसले होते. मग भिंत दोन थर उंच झाली आणि त्यानंतर आठ वर्षांत त्या बाईशी त्यांचा एक शब्द झाला नव्हता.

दोन दिवस त्यांनी नुसतेच हेलपाटे घातले, खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत आणि परत. गेटातून बाहेर पडून आळीला वळसा घालावा, तिच्या दारात उभं राहावं, एवढं बळ अंगात येईना. लोक बघतील, म्हणतील, शेठ पाणी टाकायला जागा मागायला निघाले. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ते मागच्या भिंतीशी गेले. तिथं कपडे धुवायचा एक दगड पडलेला होता. तो नळापासून इतक्या लांब कुणी आणून टाकला, म्हणून त्यांनी मागं गवंड्यांना शिव्या घातल्या होत्या. आज तो कामाला आला. त्यावर चढले तर हनुवटी बरोबर भिंतीच्या वर आली.

खाली दगडाबाई शेळीपुढं पाला टाकत होती. केस पार पांढरे झालेले. शेवग्याच्या जागी नुसतं खोड होतं, त्याला शेळीचं दावं बांधलेलं.

"वैनी."

तिनं वर बघितलं. दचकली नाही. "आवं भावजी, बेतानं. हलतोय त्यो दगूड. बनुबाईनं खाली दगडाची चीप सारली व्हती, ती निसटली आसंल."

लालासाहेबांनी भिंत धरली. "बनुबाईनं?"

"मंग? तिनंच लोटत आनला की त्यो. रोज चारला उबी ऱ्हायाची तितं. तुमी दुपारचं झोपला की. मी हितनं, ती तितनं. चार वर्सं."

"मला कदी बोलली न्हाई."

"आता काय सांगायचं त्यात." दगडाबाईनं पाल्याची फांदी झटकली. "घरात बोलाय कोन न्हाई म्हनायची."

लालासाहेब त्या चारही वर्षांत घरातच होते. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी दुकानाचा फोन. बायको मागं कपडे वाळत घालते आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. बनुबाईनं घर बांधताना मागं एक लहान दार मागितलं होतं, तेही आता आठवलं. दाराला काय करायचंय, म्हणून त्यांनीच उडवून लावलं होतं.

"बोला की. कशापायी चढलाय?"

त्यांनी सांगितलं. पाइपाचं, उताराचं, शिवतेजचं, सगळं. तिनं ऐकून घेतलं.

"मी मागितलं तवा काय म्हनला व्हता, ध्येनात हाय?"

"हाय."

"मंग म्हना की परत."

भिंतीवर हनुवटी टेकून सत्तरीचा माणूस शाळेतल्यासारखा म्हणाला, "आमच्या धंद्यात पानी उंबऱ्याभाईर जात न्हाई."

"आन् आता?"

"आता उंबऱ्याच्या आत याया लागलंय, वैनी."

दगडाबाई हसली नाही. शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "शेवगा त्याच उन्हाळ्यात वाळला. आता तुमचं पानी घिऊन मी काय करू? पावसाळ्यात माजंच मला पुरून उरतंय." मग ती म्हणाली, "वड्यापातूर चर काढून द्या. साबनाचं पानी सोडायचं न्हाई, शेळी तोंड घालती. आन् गोठ्यात शिरलं, तर त्याच दिशी बोळा घालीन."

"व्हय."

"उतरा आता. पडशीला."

आप्पासोनं दोन गडी लावले. आधी खड्डा उपसला. काळा, बुळबुळीत गाळ घमेल्यांनी वर यायला लागला आणि लालासाहेबांचे हात शिवशिवायला लागले. सवय ती सवय. त्यांनी एक घमेलं ओढलं, नळाखाली धरलं, हलक्या हातानं गोल फिरवत वरचं पाणी सोडत राहिले, चाळीस वर्षं जसं केलं तसं.

"शेठ, किती तोळं?" आप्पासोनं विचारलं. गडी हसले.

तळाशी बांगडीची एक काच होती, एक बटण होतं आणि केसांना लावायचे चार आकडे. गंजून एकमेकांना चिकटलेले. बनुबाई अंगणात नहायची, उन्हात केस सोडून बसायची. तिचं जे जे सांडलं ते ते या घरानं बाहेर जाऊ दिलं नव्हतं, आणि एवढं जपूनही शेवटी मिळाले ते चार आकडे. लालासाहेबांनी ते धोतराच्या सोग्याला पुसले आणि खिशात ठेवले. दुसरं घमेलं त्यांनी ओढलं नाही.

चौथ्या दिवशी पाइप पडला, पलीकडं ओढ्यापर्यंत चर झाला. आप्पासोनं खड्डा दगडमातीनं पाइपाच्या तोंडापर्यंत भरून घेतला आणि म्हणाला, "आता वता एक बादली. बाईला सांगितलंय, पलीकडं पोचलं की हाक मारंल."

लालासाहेबांनी बादली ओतली. पाणी गरगरलं, पाइपात घुसलं, क्षणभर काहीच नाही. मग पाइपातूनच, विहिरीतून यावा तसा घुमत आवाज आला.

"आलं वो भावजी."

लालासाहेबांना का कोण जाणे, पोरासारखं वाटलं.

परतीचा पाऊस आठवड्यानं आला आणि दोन दिवस नुसता कोसळला. लालासाहेब चष्मा लावून खिडकीत बसून होते. पाणी अंगणात यायचं, खड्ड्यापाशी जायचं आणि नाहीसं व्हायचं. तांबडी रेघ कोरडीच राहिली. संध्याकाळी सातला त्यांनी स्वतःहून कॅमेरा चालू केला, सगळं अंगण फिरवून दाखवलं, पाइप दाखवला, रेघसुद्धा दाखवली.

"वा, आबा. सुटला की प्रॉब्लेम."

"मंग दिवाळीला येतोयस न्हवं?"

"आता कशाला, आबा? घर नीट झालं. दिवाळीत दुकानात गर्दी असते. बघू मे महिन्यात."

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी लालासाहेबांनी केला, तर सून म्हणाली, भट्टीवर आहेत, नंतर करतील. मुलाचं काही चुकत नव्हतं. पाणी कुठवर आलंय हा एकच प्रश्न बापलेकांत शिल्लक होता, आणि तो लालासाहेबांनी आपल्या हातानं पाइपात सोडून दिला होता. घर राहिलं. पोती घडी करून माळ्यावर गेली. आता खिडकीतून बघायला काही उरलं नाही, आणि भुईवर पडलेलं स्वच्छ ऊन बघत माणूस किती वेळ बसणार? बनुबाई दगडावर का चढायची ते त्यांना त्या आठवड्यात नीट कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी चारला त्यांनी एक बादली भरली आणि खड्ड्यात ओतली.

थोड्या वेळानं पाइपातून आवाज आला, "आलं."

ते भिंतीशी उभे राहिले. बादली पालथी घातली आणि घरात आले. दुसऱ्या दिवशी चारला परत एक बादली. "आलं वो." तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, उगाच बाईला त्रास नको, म्हणून अर्धीच बादली ओतली. अर्ध्या बादलीलाही उत्तर आलं. त्या एका शब्दावर त्यांची संध्याकाळ निघायची, भाकरीही बरी लागायची. सहाव्या दिवशी ऊन रखरखीत होतं. आभाळात ढगाचा तुकडा नाही. लालासाहेबांनी दोन बादल्या ओतल्या.

उत्तर आलं नाही.

त्यांनी तिसरी ओतली. गुडघ्यावर बसले, पाइपाच्या तोंडाशी कान नेला. पलीकडं शेळीचं घुंगरू वाजलं. मग अगदी जवळून, म्हणजे तीसुद्धा पलीकडं तशीच वाकली असणार, दगडाबाईचा आवाज आला. मोठ्यानं नाही, साधाच.

"भावजी, पाऊस न्हाई, काई न्हाई. पानी कशाला वतताय रोज?"

लालासाहेबांनी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण सात वाजता ट्यूबलाइट दाखवणं वेगळं आणि हे वेगळं.

"करमत न्हाई, वैनी."



"मंग दारानं या की," ती म्हणाली. "च्या टाकते."

ते उठले, तोंडावर पाणी मारलं, पायात चपला सरकवल्या आणि गेटाबाहेर पडले. आळीला वळसा घालून, पिठाच्या गिरणीवरून खाली उतरल्यावर मात्र त्यांचे पाय थांबले. चार घरं होती, चारही पाठमोरी. भिंतीवरून त्यांना तिचं परस माहीत होतं, शेळी माहीत होती. दार कुठल्या अंगाला आहे ते माहीत नव्हतं. गिरणीतल्या बाईला विचारावं लागलं.

"दगडाबाईचं दार? आवं, तुमच्याच पाठीमागं की." ती पदर तोंडाला लावून हसली आणि बोट केलं.

दार उघडंच होतं. आत स्टोव्हवर भांडं चढलेलं, आणि भिंतीशी दोन पाट मांडलेले. उंबऱ्यात एक पोतं पसरलेलं होतं. आयुष्यभर लालासाहेबांनी बाहेर पडताना पाय पुसले होते. आज त्यांनी दोन्ही तळवे नीट घासून पुसले आणि आत गेले.